यजमान त्याच छपराखाली हवा

पहाटे चारच्या सुमारास ओसरीच्या दाराची कडी हळूच सरकते आणि कोणी तरी पाहुणा, इतरांची झोपमोड होऊ नये म्हणून चपला हातात घेऊन आणि खांद्यावर पंचा टाकून, कुंडाकडे निघतो, तेव्हा अंथरुणातून न उठताही मला समजते की हे पहिल्या खोलीतील आजोबा, की काल रात्री उशिरा आलेले जोडपे, की गणेशपुरीची पहाट कधी न चुकविणाऱ्या त्या परदेशी साधिकाबाई. भिवंडी तालुक्याच्या उत्तरेस, तानसा नदीच्या आश्रयाने, वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही तीन गावे एकमेकांना जवळजवळ लागून वसली आहेत. वसईची मोहीम फत्ते झाली तर देवीचे मंदिर बांधीन असा नवस चिमाजी अप्पांनी केला होता, १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला मराठ्यांच्या हाती आला, आणि नवस फेडण्यासाठी उभारलेले तटबंदीचे व नगारखान्याचे ते देऊळ आजही टेकडीवरून सगळ्या खोऱ्यावर नजर ठेवून आहे. नदीकाठची ऊन पाण्याची कुंडे आणि १९६१ साली समाधिस्थ झालेल्या नित्यानंद स्वामींचे गणेशपुरी यांच्या ओढीने येथे वस्तीला येणाऱ्या माणसांचा ओघ कधी तुटलेला नाही. त्याच ओघाच्या वाटेवर गेली चौदा वर्षे मी चार खोल्यांचे निवास व न्याहारीचे घर चालवीत आहे, आणि या अनुभवाच्या आधारे एका गोष्टीविषयी स्पष्ट लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

हा उद्योग बाहेरून पाहणाऱ्यास सुलभ वाटतो. घर आहे, खोल्या रिकाम्या आहेत, दोन खाटा टाकल्या, सकाळी पोहे केले की झाले, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक त्यातील निम्मे श्रम चादरींचे आहेत. प्रत्येक खाटेमागे तीन जोड लागतात, एक अंथरलेला, एक धुण्यात आणि एक कपाटात. परंतु आषाढ लागला, तानसेला पूर आला आणि सलग आठ दिवस सूर्यदर्शन झाले नाही की तीन जोडांचा हिशेब कोलमडतो, पडवीतल्या दोऱ्यांवर टाकलेल्या चादरी तिसऱ्या दिवशीही ओलसरच लागतात, आणि मग चुलीच्या धगीवर एकेक चादर धरून, वरून इस्त्री फिरवून, तिला कुबट वास राहिलेला नाही ना हे नाकाशी नेऊन पाहावे लागते. जी चादर मला स्वतःच्या अंगावर नको वाटेल ती पाहुण्याच्या खाटेवर जाता कामा नये, हा सासूबाईंनी घालून दिलेला शिरस्ता आहे. कुंडांच्या पाण्यात गंधक असल्यामुळे चांदी काळवंडते, ही गोष्ट मला पहिल्या वर्षी ठाऊक नव्हती. नाशिकहून आलेली एक नवी नवरी स्नान करून परतली तो तिचे पैंजण शाईसारखे झालेले, आणि माहेरची वस्तू बिघडली म्हणून ती ओसरीवर बसून रडू लागली. दंतमंजनाने घासघासून दुपारपर्यंत आम्ही दोघींनी ते पूर्ववत केले. तेव्हापासून पाहुणा आला की पाणी देताना पहिली सूचना चांदी उतरवून ठेवण्याची.

न्याहारीची तयारी आदल्या रात्री सुरू होते. कोणाचा मंगळवार आहे, कोणास कांदा-लसूण वर्ज्य आहे, कोणास मधुमेह आहे, कोण पहाटेच निघणार आणि कोण नऊ वाजता डोळे चोळत येणार, हे निजण्यापूर्वी विचारून घेतले नाही तर सकाळी साबुदाणा भिजलेला नसतो आणि खापरीवर घावन टाकताना निरोप येतो की पाहुण्यांना उपास आहे. आमच्या बाजूची खरी न्याहारी म्हणजे तांदळाची भाकरी. ऊन पाण्यात उकड काढून, परातीत मळून मळून, हातावर थापून तव्यावर टाकलेली, पापुद्रा सुटलेली भाकरी आणि सोबत चवळीची आमटी किंवा ठेचा. मृगाचा पहिला पाऊस पडला की शेजारच्या पाड्यावरील बाई शेवळांच्या जुड्या घेऊन दारात येते, आणि सोबत काकडेही आणल्याशिवाय राहत नाही, कारण काकडांच्या आंबटाशिवाय केलेली शेवळे घशाला खाजतात हे तिला माझ्याहून अधिक चांगले माहीत. ही भाजी शहरातल्या पाहुण्यांनी पूर्वी पाहिलेली नसते. पहिला घास ते बिचकत घेतात आणि दुसऱ्या दिवशी आपण होऊन विचारतात. याखेरीज नोंदवही आहे, ओळखपत्रांच्या प्रती आहेत, आणि परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्याकडे पोचती करण्याची जबाबदारी आहे. पण हे कागदाचे काम आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही.

माझे म्हणणे यापुढचे आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने अशा घरांसाठी 'निवास व न्याहारी' हे नाव रूढ केले, आणि केंद्र शासनाने याच धर्तीची योजना आखली तेव्हा तिच्यात एकापासून सहापर्यंत खोल्या, बारापर्यंत खाटा, आणि मालकाने सहकुटुंब त्याच वास्तूत राहिले पाहिजे, अशा अटी घातल्या. या अटींपैकी पहिल्या दोन आकड्यांच्या आहेत, त्या कमीजास्त केल्या तरी बिघडत नाही. तिसरी मात्र या व्यवस्थेचा प्राण आहे. यजमान जेथे निजतो तेथेच पाहुणा निजतो, यजमान जे पाणी पितो तेच पाहुणा पितो, आणि यजमानाच्या कानावर पडेल अशा अंतरावर पाहुणा असतो, एवढ्याच गोष्टीमुळे हे घर लॉजपासून वेगळे ठरते. आता चित्र असे दिसते की मुंबई-ठाण्याकडील मंडळी या भागात बंगले बांधतात, किल्ल्या रखवालदाराच्या हाती देतात, दूरध्वनीवरून पैसे घेतात, आणि त्याच नावाची पाटी फाटकावर लावतात. बंगला भाड्याने देणे हा काही गुन्हा नव्हे. त्याला त्याचे स्वतंत्र नाव असावे, स्वतंत्र परवाना असावा, आणि व्यापारी दराने कर असावा. जे नाव घरच्या माणसाच्या हजेरीवर उभे आहे ते नाव त्याला देऊ नये, आणि मालकाच्या निवासाची अट कोणत्याही सबबीखाली सैल करू नये, असे माझे ठाम मत आहे.

हे मत मला पुस्तकातून मिळालेले नाही. काही वर्षांपूर्वी माघ महिन्यात बहिणीच्या घरचे कार्य होते म्हणून मी तीन दिवस पुण्यास गेले आणि घर एका मदतनीस मुलाच्या हवाली केले. मुलगा प्रामाणिक होता, कामात चोख होता, परंतु रात्री तो पाड्यावर आपल्या घरी निजावयास जाई आणि सकाळी सातला येई. मी ते जाणून होते, आणि तीन रात्रींनी काय होणार आहे, अशी मनाची समजूत घालून गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास मागील खोलीत उतरलेले एक सत्तरीचे गृहस्थ न्हाणीघरात घसरून पडले. त्यांच्या पत्नीला ऐकू कमी येई. त्या जाग्या झाल्या तेव्हा अर्धा तास उलटून गेला होता. त्यांनी ओसरीवर येऊन हाका मारल्या, स्वयंपाकघराचे दार ठोठावले, समोरच्या खोलीतील पाहुणे आदल्या रात्रीच गेलेले, आणि भिंतीवर लिहिलेल्या माझ्या क्रमांकावर त्यांनी फोन केला तेव्हा मी पुण्यात गाढ झोपेत. मुलगा सात वाजता आला आणि त्याने शेजाऱ्यांची जीप आणली. मनगट मोडले होते, त्यापलीकडे काही झाले नाही; पण थंडीच्या दिवसांत दोन तास तो म्हातारा माणूस ओल्या फरशीवर पडून राहिला, माझ्या घरात, माझ्या नावाच्या पाटीखाली. त्यांनी एका शब्दाने मला दोष दिला नाही. मी मात्र परत आल्यावर माझी खाट आतल्या खोलीतून काढून ओसरीलगतच्या बोळात घातली, आणि त्यानंतर घर सोडून जावयाचे असेल तेव्हा खोल्या बंद ठेवते, मग तो हंगाम का असेना.

येथपर्यंत वाचून कोणास वाटेल की हा पर्यटनाच्या धंद्यातील अंतर्गत वाद आहे. तो तसा नाही, कारण निवास आणि न्याहारी यांचे खरे मोठे गाव वज्रेश्वरी नसून, अंबाडी नाक्यावरून खाली उतरले की जे लागते ते भिवंडी शहर आहे. माझ्या सासूबाईंनी तेथे पंचवीस वर्षे यंत्रमाग कामगारांची भिशी चालविली. भिशी म्हणजे आज ज्याला पुष्कळ लोक पैसे गोळा करण्याची पद्धत समजतात ती नव्हे. दहावीस माणसांनी मिळून एका चुलीवर जेवावयाचे आणि महिनाअखेर हिशेब चुकवावयाचा, ती भिशी. खाली स्वयंपाक आणि आमचे बिऱ्हाड, वर पोटमाळ्यावर ओळीने अंथरुणे. माग दिवसरात्र चालत, बारा तासांच्या दोन पाळ्या, त्यामुळे एक अंथरूण दोघांचे असे. दिवसपाळीचा माणूस उठून गेला की रातपाळीचा, डोळ्यांच्या पापण्यांवर सुताची पांढरी लव घेऊन, त्याच जागी येऊन आडवा होई, आणि सासूबाईंचा दंडक असा की मधल्या वेळात अंथरूण झटकून चादर पालटलीच पाहिजे. रातपाळीच्या माणसाची न्याहारी तीच त्याच्या दिवसाची अखेर. उत्तर प्रदेशातून आलेल्यांस पोळी आणि अरहरची डाळ हवी, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली मंडळींस भात आणि चिंचेचे सार हवे. दोन्ही एकाच चुलीवर शिजत. भिंतीवरील वहीत प्रत्येकाच्या नावापुढे खाडे मांडलेले असत, आणि कोणाचे सलग दोन खाडे पडले की सासूबाई जिना चढून वर जात, कारण न सांगता दोन वेळा न जेवलेला माणूस एक तर आजारी असतो किंवा त्याच्या घरून वाईट पत्र आलेले असते. हिवतापाने फणफणलेल्या पोरांना त्यांनी पेज करून घातली, निरक्षरांची मनीऑर्डर भरून दिली, आणि माग बंद पडले त्या महिन्यांची उधारी वहीच्या मागच्या पानांवर तशीच राहिली.

याच सासूबाई भांडी व दुसरा गॅस घेण्यासाठी कर्ज मागावयास एका बँकेत गेल्या, तेव्हा हा व्यवसाय कोणत्या सदरात बसतो, असा प्रश्न कारकुनाने विचारला, आणि सदर सापडले नाही म्हणून अर्ज परत केला. पुढे आमच्या घराला पर्यटनाचा दाखला मिळाला तेव्हा दुसऱ्या बँकेने मला विनासायास कर्ज दिले. दोन्ही घरांत काम एकच होते: अंथरूण, पाणी, सकाळचे खाणे आणि रात्रीबेरात्री दार उघडणारे माणूस. फरक इतकाच की माझ्याकडे येणारा मनुष्य सुटी घालविण्यास येतो आणि त्यांच्याकडे येणारा पोट भरण्यास येई.

१९७५ हे वर्ष या दृष्टीने मला नेहमी विचारात पाडते. त्याच वर्षी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले, आणि त्याच वर्षी मुंबईच्या गिरणगावात प्रेमाताई पुरव यांनी खानावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या या बाया सावकाराच्या व्याजाखाली पिचत होत्या, त्यांच्याकडे गहाण ठेवण्यास मंगळसूत्रापलीकडे काही नव्हते, आणि राष्ट्रीयीकृत बँकांची दारे त्यांच्यासाठी उघडवून घेण्याचे कार्य प्रेमाताईंनी केले. एका संस्थेने प्रवाशाच्या निवासाकडे पाहिले, दुसरीने श्रमिकाच्या ताटाकडे. या दोन दृष्टी पुढे एकत्र यावयास हव्या होत्या. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या खचल्या, कापडाचे काम भिवंडीसारख्या गावांतील मागांवर अधिकाधिक येत गेले, कामगार आले, भिशी वाढल्या, आता तर माणकोली, रहनाळ, पूर्णा या बाजूला पसरलेल्या गोदामांत राबणारी पोरेही अशाच चुलींवर जेवतात. पण शासकीय दप्तरात या घरांसाठी योग्य असे सदर काही निघाले नाही.

त्याची किंमत २०२० साली दिसली. टाळेबंदी लागली, माग थांबले, आणि थोड्याच दिवसांत धान्य व उधारी दोन्ही संपून भिशी बंद पडू लागल्या. मजुरी थांबली म्हणून लोक निघाले असे सांगितले जाते, ते खरेच आहे. पण चूल विझल्यावर त्या शहरात त्यांचे असे घर उरले नाही, हेही तितकेच खरे. नाशिकच्या महामार्गाने डोक्यावर बोचकी घेऊन चाललेले ते तांडे मी पडघ्याजवळ पाहिले आहेत, आणि मे महिन्याच्या आरंभी भिवंडी रोड स्थानकावरून गोरखपूरकडे सुटलेल्या श्रमिक गाडीत सासूबाईंच्या जुन्या वहीतील एका माणसाचा नातू होता. त्याने जाण्यापूर्वी आमच्याकडे फोन करून आजीची चौकशी केली. त्या तेव्हा हयात नव्हत्या. त्याच वर्षी २१ सप्टेंबरच्या पहाटे पटेल कंपाऊंडमधील जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि तीन डझनांहून अधिक जीव गेले. ती भिशी नव्हती, कुटुंबांची वस्ती होती. पण भिवंडीतील पुष्कळ भिशींचे पोटमाळे तशाच जुन्या, गळक्या, मागांच्या धक्क्यांनी हादरणाऱ्या इमारतींत आहेत, आणि नोंदच नसल्यामुळे त्या भिंती पाहण्यास जाण्याचे कोणत्याही अधिकाऱ्याला कारण पडत नाही.

इंग्रजी अमदानीत १८६७ साली एक सराई कायदा झाला होता. तो परकी सरकारचा, पोलिसी नजरेचा कायदा होता, हे मान्य करूनही त्यातील सराईवाल्याच्या कर्तव्यांची यादी आज वाचण्यासारखी आहे: खोल्या, पडव्या, गटारे आणि विहिरी स्वच्छ राखाव्या, भिंती, छपरे व दरवाजे दुरुस्त ठेवावे, सांसर्गिक रोगाने कोणी आजारी पडल्यास जवळच्या ठाण्यावर वर्दी द्यावी, दरपत्रक सर्वांस दिसेल असे लावावे, पहारेकरी नेमावा, आणि ज्या झाडांवरून चोरांस आत उतरता येईल ती झाडे काढून टाकावी. उतरणारा यात्रेकरू आहे, व्यापारी आहे की मजूर, असा भेद त्या यादीत नाही. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, अनोळखी माणसास रात्रीपुरता आसरा देणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते एवढाच प्रश्न विचारला गेला होता, आणि तोच प्रश्न योग्य होता.

म्हणून मागणी अशी आहे की ज्या घरात चालविणारे कुटुंब स्वतः राहते आणि जेथे माणसांच्या निवासाची व खाण्याची सोय मोबदला घेऊन केली जाते, अशी सर्व घरे, मग ती वज्रेश्वरीच्या टेकडीखाली असोत की भिवंडीच्या गल्लीत, एकाच नोंदवहीत घ्यावी. वीज, पाणी आणि घरपट्टी त्यांना घरगुती दराने आकारावी. नोंदणी दिली की वर्षातून एकदा इमारतीची, गॅसच्या टाक्यांची, संडासांची आणि बाहेर पडण्याच्या दुसऱ्या वाटेची तपासणी व्हावी, आणि दोष आढळल्यास टाळे ठोकण्याऐवजी दुरुस्तीसाठी मुदत व कर्ज मिळावे. कारण भिशीला टाळे लागले तर ती माणसे त्याच रात्री याहून वाईट जागी निजतील. दर वर्षी किती पर्यटक आले याचे आकडे शासन अभिमानाने मांडते. भिवंडीत आज रात्री किती माणसे पोटमाळ्यांवर निजली आहेत आणि त्यांना सकाळी कोण जेवू घालणार आहे, याचीही एक अधिकृत यादी असावी. पर्यटक पैसा आणतो आणि मजूर आणत नाही, हा आक्षेप मी ऐकला आहे. ज्या शहराचे कापड देशभर जाते त्या शहराविषयी असे बोलताना बोलणाऱ्याने आपल्या अंगावरील कापडाकडे एकवार पाहावे.

चैत्र अमावास्येची जत्रा जवळ आली आहे. या दिवसांत या भागात एका खोलीचा दर तिप्पट होतो. आमचा फलक वर्षभर तोच असतो आणि तो ओसरीवर, आत येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर टांगलेला असतो. यंदा त्यावरची अक्षरे पुसट झाली म्हणून रंगवावयास दिला आहे. न्हाणीघरातील फरशी खरबरीत करून घेतली, खाटेशेजारी ओढावयाची घंटा बसविली, आणि तिची दोरी माझ्या उशापर्यंत आणली. मागील खोली पहिल्या दोन रात्रींसाठी त्याच गृहस्थांनी मागितली आहे. मनगट आता बरे आहे, पण पहाटे कुंडावर जाताना कोणी तरी सोबत असावे असे त्यांच्या पत्नीने कळविले आहे. मी चारचा गजर लावीन.